फाटकापाशी शिकलेली लेज्गी

माझ्या तोंडात एका परक्या भाषेचे मोजके शब्द आहेत आणि ते सगळे मी एका कुत्र्यासाठी शिकले. शा म्हणजे ये. अलाद म्हणजे जा. अत्सुक् म्हणजे बस. वआ म्हणजे नाही. फू म्हणजे भाकरी, पोळी, पाव, पिठाचं भाजलेलं जे काही असेल ते. सासरी नवी असताना चुलतदिराचं कुत्रं माझ्या अंगावर आलं, तेव्हा घाबरून मी त्याला 'वआ! अत्सुक्!' असं ओरडले. ते बिचारं भांबावून खाली बसलं. तेव्हापासून घरात माझ्याशी जरा जपून बोलतात.

ही भाषा लेज्गी. ती मला शिकवणारी बाई म्हणजे भिंगारची माझी घरमालकीण.

नगरच्या एका लॅबमध्ये मला रक्त तपासायची नोकरी लागली आणि मी खोली शोधत होते. कुणीतरी सांगितलं, भिंगारला एका डॉक्टरांच्या घरी माडीवरची खोली रिकामी आहे, पण त्यांची बायको रशियन आहे आणि थोडी तऱ्हेवाईक आहे. मी गेले. फाटकाला हात लावते न लावते तोच आतून एक तांबडं गावठी कुत्रं धावून आलं. मी पुणतांब्याची, कुत्र्यांशी कसं बोलायचं ते मला काय कुणी शिकवायला हवं? 'हाड' म्हणून झालं, 'गप' म्हणून झालं, चप्पल उगारून झाली. त्याच्यावर ढिम्म परिणाम नाही. व्हरांड्यात एक उंच, हाडापेरानं दणकट बाई हा सगळा प्रकार शांतपणे बघत उभी होती. डोक्याला मागं गाठ मारलेला रुमाल, अंगात पंजाबी ड्रेस आणि एप्रिलच्या उन्हात पायात लोकरीचे मोजे.

"तो मराठी नाही," ती म्हणाली. "त्याला सांग, अत्सुक्."

"हे रशियन का?" मी आपलं विचारलं.

झालं. बाई पायऱ्या उतरून फाटकापर्यंत आली, पण फाटक काही उघडलं नाही. "खचित नाही. रशियन माझा पासपोर्ट आहे. मी लेज्गी आहे. आता म्हण, अत्सुक्. घशातून म्हण. ओठातून नको."

तो शब्द घशातून निघेपर्यंत तिनं मला उन्हात उभं केलं. निघाला तसा कुत्रा बसला, फाटक उघडलं आणि मला खोली मिळाली. भाड्याचं बोलणं नंतर डॉक्टरांशी झालं, पण परीक्षा तीच होती.

कुत्र्याचं नाव किच्च. मला वाटलं, काही छान अर्थ असेल. तर त्यांच्या भाषेत किच्च म्हणजे कुत्रा. नावासाठी बाईनं एवढेही कष्ट घेतले नव्हते. बाजारातल्या गटारापाशी सापडलेलं पिल्लू तिनं आणलं, पहिल्या दिवसापासून त्याच्याशी लेज्गीत बोलली आणि दुसऱ्या कुणाला मराठीत बोलू दिलं नाही. त्यामुळे गल्लीची पंचाईत झाली. सिलिंडरवाला, पेपरवाला, चर्चचे पास्टर, समोरचे निवृत्त सुभेदार, ज्याला म्हणून त्या फाटकातून आत यायचं असेल त्याला चार शब्द शिकणं भाग पडलं. पास्टरसाहेबांनी एकदा डॉक्टरांकडे तक्रारही केली म्हणे. डॉक्टर स्वभावानं अगदी गरीब. म्हणाले, "साहेब, मी तिच्या देशात जाऊन डॉक्टरकी शिकलो, रशियन शिकलो, पण तिची भाषा माझ्या घशात अडकली ती अडकलीच. तुम्ही निदान कुत्र्यापुरती तरी शिकताय."

तिचा देश म्हणजे दागेस्तान, रशियाच्या दक्षिण टोकाचा डोंगराळ मुलूख. काकूंना, मी त्यांना काकू म्हणायचे, नकाशा काढून दाखवायचा भारी उत्साह. भाजी चिरता चिरता ओट्यावर पाण्यानं नकाशा काढत. हा डोंगर, ही सामूर नदी, इकडं आमचं गाव, तिकडं माझी मावशी. मावशी दुसऱ्या देशात, कारण मधे नदीवर सरहद्द आली. लोक तेच, भाषा तीच, लग्नंही या काठाच्या मुली त्या काठाला दिलेल्या. मला ते लगेच कळलं. आमच्या पुणतांब्याहून गोदावरी ओलांडली की जिल्हा बदलतो. उद्या कुणी म्हणालं की आता पलीकडं जायला व्हिसा लागेल, तर माझ्या आत्याचं काय होईल? हे मी काकूंना सांगितलं तर त्यांनी चिरलेल्या कांद्यासकट हात माझ्या गालावर ठेवला आणि म्हणाल्या, "पाहा, ही मुलगी शहाणी आहे."

त्यांचं मराठी ऐकायला मजा यायची. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना बायबल मोठ्यानं वाचून मराठी शिकवलं. उरलेलं मराठी त्या दारावर येणाऱ्या भाजीवाल्या मावशींकडून शिकल्या. दोन्ही मराठी त्यांच्या तोंडात शेजारी शेजारी नांदत होती. "हे मनुष्या, तू विलंब केलास, लई विलंब केलास," असं त्या सिलिंडरवाल्याला सुनावत आणि तो बिचारा चर्चमध्ये उभा असल्यासारखा मान खाली घालून उभा राही. मी कामावरून उशिरा आले की व्हरांड्यातून हाक यायची, "पाहा, कन्या आली. भुकेली हाय."

भाजीवाल्या मावशी जवळच्याच खेड्यातून यायच्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, आवाज असा की दोन गल्ल्या ओलांडून मेथी विकली जावी. काकूंच्या फाटकापाशी लेज्गी शिकलेल्यांत त्यांचा पहिला नंबर होता. आम्हा शिकलेल्या लोकांचा तो शेवटचा क् तोंडातच विरघळायचा, मावशींचा मात्र कुत्र्यावर धोंडा पडावा तसा पडायचा. काकूंची नि त्यांची रोज भांडणं. एकदा काकूंना त्यांच्याकडची अफार करायची होती. पातळ पोळीत पाला भरतात, तव्यावर भाजतात आणि वरून लोण्याचा गोळा. त्यासाठी त्यांना डोंगरातली भाजी हवी होती. "तो पाला हवा, जो हाताला चावतो," त्या मावशींना समजावत होत्या.

मावशींनी डोळे मोठे केले. "खाजकुयली? ती खात्यात व्हय? डॉक्टरीनबाई, मानूस मरंल की वो!"

शेवटी चाकवत, चुका, तांदुळजा असं सगळं एकत्र करून अफार झाली. मावशींनी फाटकाशी उकिडवं बसून दोन खाल्ल्या आणि तोंड पुसत म्हणाल्या, "चांगलं हाय. मीठ कमी हाय. पन चांगलं हाय." काकू आठवडाभर ते मीठ कमी असल्याचं मनावर घेऊन बसल्या होत्या.

मार्चमधली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. होळी होऊन गेली होती, भिंतींवरचे रंग अजून धुतले गेले नव्हते. संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढायला गेले, तर काकूंनी लोखंडी घमेल्यात लाकडं पेटवलेली. दिवस-रात्र सारखी झाली की त्यांच्याकडे नवं वर्ष लागतं, प्रत्येक घराच्या धाब्यावर जाळ करतात आणि त्यावरून उड्या मारतात. गच्चीवर धूर दिसल्याबरोबर समोरचे सुभेदार पाण्याची बादली घेऊन धावत वर आले. फाटकातून 'अत्सुक्' म्हणत आले, तेवढं भान त्यांना होतं.

"मॅडम, आग!"

"आग खचित आहे," काकू म्हणाल्या. "उडी मारा. वर्षाचं दुखणं जळून जातं."

सुभेदारांनी गुडघ्यांचं कारण सांगितलं. काकूंनी लष्करातला माणूस आगीला भितो काय असं विचारलं. मग काय विचारता! सुभेदारांनी बादली खाली ठेवली, चष्मा माझ्या हातात दिला आणि घमेल्यावरून उडी मारली. मीही मारली. काकूंनी स्वतः मारली तेव्हा गच्ची हादरली. गुडघे कुणाचेच बरे झाले नाहीत, पण पुढच्या वर्षी सुभेदार आपण होऊन लाकडं घेऊन आले.

हे सगळं गमतीचं. पण त्या घरात रोज अकरा वाजता एक गोष्ट व्हायची, तिच्यात गंमत नव्हती. माझी दुपारची पाळी असल्यामुळे ती मी पाहत होते. अकराला काकू हात धुऊन, रुमाल नीट बांधून जेवणाच्या टेबलाशी बसत आणि आईला फोन लावत. आईला त्या दिदे म्हणत, त्यांच्या भाषेत आईला तेच म्हणतात. डोंगरातल्या गावात रेंज कधी असे, कधी नसे. पडद्यावर म्हातारीची हनुवटी दिसायची, नाहीतर घराचं छत. मग दोघींचं जे सुरू व्हायचं ते ऐकत राहावं. घसा खाकरल्यासारखे, दगड फुटल्यासारखे शब्द, आणि मधूनच इतकं मऊ काहीतरी की मला एक अक्षर न कळता माझ्या आईची आठवण यायची.

लग्नाला आईनं एकच अट घातली होती, ती काकूंनी मला सांगितली. "कुणाशीही कर, कितीही लांब जा. पण माझ्याशी रोज बोल आणि आपल्या भाषेत बोल. ज्या दिवशी शब्दासाठी अडशील, त्या दिवशी मी समजेन मुलगी गेली." काकूंना त्या एका गोष्टीची धास्ती होती. एखादा शब्द आठवला नाही की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा, आणि तो आठवेपर्यंत स्वयंपाकघरात येरझारा. नवऱ्याशी रशियन, जगाशी मराठी. मूल नव्हतं. ते दोघं त्याविषयी कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. मी विचारलं होतं ते एवढंच, की कुत्र्याशी लेज्गी कशाला?

"दिदेशी बोलते अर्धा तास," त्या म्हणाल्या. "मग दिवस लांब. न वापरलेल्या सुरीला गंज चढतो. घरात एक तरी कुणी पाहिजे ना, ज्याला कळेल?"

एका जुलैत पाऊस दडी मारून बसला होता. मावशींच्या गावातली माणसं धोंडी घेऊन भिंगारपर्यंत आली. अंगभर लिंबाचा पाला बांधलेला धोंडी मधे, बाकीचे गाणं म्हणत मागं, आणि दारोदारी बायका त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतून पसाभर धान्य देतात. मी हे लहानपणापासून पाहिलेलं. पण काकू फाटकापाशी आल्या आणि खिळल्यासारख्या उभ्या राहिल्या. मग आत धावल्या, भरलेली बादली आणली आणि सबंध त्याच्या डोक्यावर उपडी केली. पाण्याची आधीच मारामार, मावशी ओरडल्या, "आवं, तांब्याभर वतायचं असतंय!" काकूंचं लक्ष नव्हतं. त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. त्यांच्या गावी हेच करतात. पाऊस लांबला की पाल्यानं मढवलेला माणूस घरोघर फिरवतात, त्याला भिजवतात. त्यांनी तिथंच फोन लावला आणि धोंडी आईला दाखवला.

म्हातारीला तेव्हा विसर पडायला लागला होता. तिनं पडद्याच्या अगदी जवळ येऊन पाहिलं आणि काहीतरी विचारलं. काकूंचं हसू मावळलं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"विचारते, हे आपल्यातलं कुठलं गाव."

त्या दिवसापासून म्हातारीची पक्की समजूत झाली की मुलगी कुठं परदेशात नाही, डोंगराच्या पलीकडच्या गावात दिलेली आहे. मग साहजिकच ती रोज विचारायची, इतकी जवळ आहेस तर येत का नाहीस? शा, चान रुश. ये, माझ्या जिवाच्या पोरी. फू तयार आहे. सुरुवातीला काकूंनी समजावून पाहिलं. समुद्र, विमान, हिंदुस्थान. मग सोडून दिलं. "येते, दिदे. उद्या येते," एवढंच म्हणायच्या. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ त्यांच्या हातात घेवड्याची एकच शेंग असायची. उन्हाळ्यात जायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी तिकिटांची चौकशीही केली होती.

उन्हाळा आला नाही. नाताळ नुकताच झाला होता, गल्लीतल्या घरांवर चांदण्या अजून टांगलेल्या होत्या. सकाळी काकूंच्या भावाचा फोन आला, दिदे गेली. तिथं बर्फानं वाट बंद झालेली, त्यांच्याकडे माती त्याच दिवशी देतात, आणि रेंज मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं.

काकू रडल्या नाहीत. डॉक्टरांनी रशियनमध्ये काही विचारलं, त्याला त्यांनी मराठीत उत्तर दिलं. व्हरांड्यात कुत्रा पायात घोटाळत होता, त्याला म्हणाल्या, "बस." तो त्यांच्याकडे बघत उभा राहिला. त्या पुन्हा म्हणाल्या, "बस, सांगितलं ना." आयुष्यात पहिल्यांदा त्या त्याच्याशी मराठीत बोलत होत्या आणि त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. त्यानं ताटलीला तोंड लावलं नाही. काकूंनीही लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले तर त्या खिडकीशी उभ्या. डॉक्टर हळूच म्हणाले, "कालपासून बसली नाही. तू बोलून बघ."

मी जवळ जाऊन उभी राहिले. त्याच म्हणाल्या, "आमच्यात बाई एकटी रडत नाही. बायका येऊन बसतात. एक विलापगीत म्हणते, बाकीच्या उचलून धरतात. मी म्हणेन. इथं उचलून कोण धरेल?" आणि थोड्या वेळानं, "आता ती कुणाची भाषा? जिच्याशी बोलायचं ती मातीत गेली."

मला त्यांच्या जवळ उभं राहणं असह्य झालं. इतक्यात फाटकाची कडी वाजली आणि कुत्रा भुंकला. "वआ! अत्सुक्!" मावशींचा आवाज. भुंकणं थांबलं. मावशींच्या डोक्यावर पाटी नव्हती, हातात फडक्यात बांधलेली पिठलं-भाकरी होती. ज्या घरी माणूस जातं तिथं चूल पेटत नाही, पहिला घास शेजारपाजाऱ्यांनी न्यायचा, ही आमची रीत. त्यांच्या मागून गल्लीतल्या चार बायका, सुभेदार आणि त्यांची मंडळी, पास्टरही. प्रत्येकजण फाटकात थबकून कुत्र्याला तो शब्द म्हणत होता आणि आत येत होता. आत आल्यावर मात्र खिडकीशी उभ्या असलेल्या त्या उंच बाईला काय म्हणायचं ते कुणालाच कळेना.

मावशी पुढं झाल्या. खालून वर काकूंच्या तोंडाकडे पाहिलं. आणि फाटकातून जसं रोज म्हणायच्या तसंच, पण अगदी हळू म्हणाल्या, "अत्सुक्."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुत्र्याला म्हणायचा शब्द! पास्टर खोकले. काकूंनी मान वळवून मावशींकडे पाहिलं. आणि त्या जिथं उभ्या होत्या तिथंच, भिंतीला टेकून, खाली जमिनीवर बसल्या.

मावशी त्यांच्यासमोर मांडी घालून बसल्या. फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि त्यांच्या तोंडापाशी धरला. "फू," त्या म्हणाल्या. "घे. फू."

काकूंनी घास घेतला. तो चावता चावता त्यांच्या घशातून पहिला हुंदका बाहेर पडला, आणि पाठोपाठ लेज्गी. आईचं नाव, गावाचं नाव, आणि कितीतरी जे आम्हाला कधीच कळणार नव्हतं. आम्ही बायका त्यांच्याभोवती बसलो. उचलून धरायला आमच्याकडे होतं काय? मावशी म्हणाल्या, शा. सुभेदारांच्या बायकोनं तेच म्हटलं. मी म्हटलं, दिदे, कारण तेवढा एक शब्द मला अकराच्या फोनमुळे येत होता. काकू म्हणत होत्या आणि आम्ही आमचे फाटकापाशी शिकलेले शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होतो, चुकीच्या जागी, चुकीच्या घशातून. पास्टरसाहेबही दारात उभं राहून पुटपुटत होते. मला कुणाचंही हसू आलं नाही.

पुढं एकदा मी मावशींना म्हटलं, तुम्ही तर कमालच केलीत. तर म्हणाल्या, "मला काय म्हाईत कुत्र्याचं हाय का मानसाचं? बाईला समजतं, येवढं म्हाईत हुतं."

त्या सकाळी आणखी एक झालं. आतून इतक्या तोंडांनी आपलेच शब्द ऐकू येताहेत म्हटल्यावर कुत्र्याचा गोंधळ उडाला. कुणी ये म्हणतंय, कुणी बस म्हणतंय. तो व्हरांड्यात बसला, उठला, पुन्हा बसला, आणि शेवटी उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. घरात यायची त्याला कधीच परवानगी नव्हती. काकूंनी रुमालाच्या टोकानं तोंड पुसलं, त्याच्याकडे पाहिलं आणि हात पुढं केला.

"शा," त्या म्हणाल्या.